विकणे आहे, पण इंग्रजीत

वरोऱ्यात घर-जमीन-गाड्यांच्या दलालीचं दुकान टाकलं, तेव्हा वाटलं गिऱ्हाईकं जमतील. जमले ते किस्से! निम्मे तर आमच्या सुषमाबाईंच्या इंग्रजीनं घडवलेले. जाहिराती त्या लिहितात. मराठीत 'विकणे आहे' म्हटलं की माणूस घासाघीस करतो, इंग्रजीत लिहिलं की थेट गाडी काढून येतो, असं त्यांचं ठाम मत.

जिवतीकडची एक बरड जमीन होती. बाईंनी लिहिलं, 'हिल व्ह्यू, नॅचरल स्टोन'. नागपूरचे एक साहेब सहकुटुंब आले, फोटो काढले, एकदम खूश! मग विचारलं, "पाणी कुठे आहे?"

मालक शांतपणे म्हणाला, "पान्याचं जाहिरातीत कुठी लिवलं हाय?"



सेकंडहँड गाडी इंग्रजीत 'डॉक्टर युज्ड' म्हटली की हातोहात जाते. अशीच एक चंद्रपूरच्या मॅडमनी घेतली आणि आठवड्यात नाकाला रुमाल लावून परत आल्या. मागच्या सीटखाली लेंड्या! डॉक्टर जनावरांचा होता, आणि आजारी शेळ्या गाडीतूनच न्यायचा.

सुषमाबाई म्हणाल्या, "पन डॉक्टर तं होता ना!"

अहेरीला एका ऑफिसच्या भंगार जीपचा लिलाव झाला. कागदावर 'अ‍ॅज इज व्हेअर इज', म्हणजे आहे तशी, आहे तिथून उचला. जीप घेतली माझ्या पार्टनरनं, देवाभाऊनं. पूजेला नारळ घेऊन गेला, बॉनेट उघडलं, तर इंजिनावर नाग! देवाभाऊ पांढराफटक.

ऑफिसातला बाबू खिडकीतूनच ओरडला, "हाय तशी घेतली ना भाऊ? आता थो बी तुमचाच!"

हे सगळं हसून सांगता येतं. गेल्या महिन्यातलं नाही येत.

जवळच्याच एका गावातलं घर होतं. मालक तरुण, पुण्याला नोकरीला, बिनलग्नाचा. फोनवर म्हणाला, "घर रिकामंच आहे, लगेच ताबा, 'रेडी पझेशन' टाका." बाईंनी टाकलं. चंद्रपूरचं एक जोडपं कॉलेजातल्या मुलीला घेऊन आलं. मी त्यांना घेऊन गेलो, तर दारात मालकाची आई उभी!

आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलीकडचे मुलाचं घर बघून जातात. मालकाच्या आईनं मुलीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच फुलला. "पोरानं सांगतलं बी नाई मले, तुमी येनार म्हून!" शेजारून दूध आणलं, पोहे केले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. विहीर दाखवली, घरामागची सांदवाडी दाखवली, धान्याची खोली दाखवली.

गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं, मी जमिनीकडे.

निघताना आईनं मुलीचा हात हातात घेतला आणि तिच्या आईला हळूच म्हणाली, "काळजी नोका करू बाई. मी मांगच्या खोलीत राहीन. पोरीले माह्या काईच तरास नाई."