पाणिग्राहीबाबूंची दोन पेनं

"चार पत्रं, बापा! एक नाही, दोन नाही, चार!"

"हळू बोल. भिंतीपलीकडे माणसं राहतात."

"ऐकू देत की. कळू दे सगळ्या गल्लीला. खासदारांच्या चिटणिसाची पोरगी नऊ वर्षं डोंगरापलीकडे सुया टोचत बसलीय, आणि बाप इथे अख्ख्या जिल्ह्याच्या बदल्या करतोय."

"मी नाही करत. बाबू करतात."

"बाबूंना दिसतं तरी का?"

निळांबर मेहेरांचा हात पखाळाच्या वाडग्यात तसाच थांबला. पाण्यातल्या भातावर कांद्याचा तुकडा तरंगत होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. चुलीपाशी बसलेली बायकोसुद्धा बडीचे सांडगे भाजायची थांबली.

झुनू त्यांची एकुलती लेक. सरकारी परिचारिका. तिची नेमणूक अशा गावात की तिथून घरी यायला दोन बस आणि एक नाव लागे. तिची पाच वर्षांची मिनी इथे आजीकडे वाढत होती. आज सकाळी आई दारात दिसल्यावर पोरीने पहिला प्रश्न विचारला होता, "तू परत कधी जाणार?" विचारून ती शेजारी खेळायला पळाली होती. झुनूने अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"काल जिल्ह्याच्या कचेरीत गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या कारकुनाने चारही पत्रं माझ्यासमोर टाकली. म्हणाला, ताई, निळ्या सहीचं पत्र म्हणजे मुढी-चुरमुरे बांधायचा कागद. तुमच्या बाबूंची हिरवी सही आणा, दुसऱ्या दिवशी बदली होते. हसत होता मेला. त्याला माहीत नव्हतं ती पत्रं टाइप कोणी केली ते."

"झुनू—"

"तुला माहीत होतं?"

निळांबरबाबूंनी हात धुतला. माहीत होतं! ती रीत जन्माला आली तेव्हा तेच तर होते शेजारी.

एकतीस वर्षांपूर्वी त्रिलोचन पाणिग्राही पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा निळांबर ओंग नदीकाठच्या विणकर गल्लीत सुताला गाठी मारत बसलेला बावीस वर्षांचा पोरगा होता. विणकरांनी सूत महागल्याचा अर्ज खासदाराला द्यायचा ठरवला, आणि लिहायला बसवलं निळांबरला. पाणिग्राहींनी अर्ज वाचलाच नाही. अक्षराकडे बघत म्हणाले, "हे अक्षर माझ्याकडे येईल का?" माणूस येईल का, असं काही त्यांनी विचारलं नाही. अक्षर गेलं, त्याच्यामागून निळांबर गेला.

मग सात निवडणुका. दिल्लीत बंगल्यामागची खोली, हिवाळ्यात कोळशाची शेगडी, आणि पत्रं. सभागृहात प्रश्न विचारायचा तर चिठ्ठ्या पडायच्या. एकतीस वर्षांत तीन वेळा बाबूंचा नंबर पहिला लागला. त्यातल्या एका वेळी बाबू बाहेर कॉफी पीत उभे होते. नाव पुकारलं गेलं, माणूस नाही, प्रश्न बाद. नदीवरच्या पुलाचा प्रश्न होता तो. पूल पुढे झाला, अकरा वर्षांनी. पण अजूनही कोणी म्हातारी बाबूंना गाठून म्हणते, "काय रे बाबा, संपली का तुझी कॉफी?"

पत्रांचा ओघ मात्र कधी आटला नाही. रोज साठ-सत्तर माणसं ओट्यावर. कोणाला नाही म्हणायचं नाही, हा बाबूंचा धर्म. सगळ्यांना सिंहाच्या शिक्क्याचं पत्र मिळायचं. फक्त आधी कचेऱ्यांना सांगून ठेवलेलं, हिरवी सही असेल तर काम करा, निळी असेल तर माझा मान राखला एवढं समजा. वर्षाला हिरव्या पंधरा-वीस. बाकी साऱ्यांच्या तोंडाला निळी पानं पुसलेली. निळं पेन बारीक, पोलादी टोपणाचं. हिरवं काळं, जाड, क्लिप तुटलेली. हिरव्या शाईची बाटली इतकी कमी उघडायची की तिला बुरशी धरे, म्हणून निळांबर तिच्यात दोन लवंगा टाकून ठेवत.

पाच वर्षांपूर्वी बाबूंची नजर गेली. एका सभेत त्यांनी भाषणाचा कागद उलटा धरला आणि चाळीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. उलटा कागद एकट्या निळांबरला दिसला. त्या दिवसापासून तेच बाबूंचे डोळे झाले. अर्ज वाचून दाखवायचा. बाबू म्हणणार "पक्कं", तर जाड पेन हातात. "बघू" म्हणाले तर बारीक. ओट्यावरचे लोक मात्र म्हणत, नावात तीन डोळे आहेत या माणसाच्या, याच्यापासून काय लपणार!

"मग पाच वर्षं पेन तूच देतोयस," झुनू आता अगदी हळू बोलत होती, आणि तेच जास्त लागत होतं. "चारातली तीन पत्रं त्या पाच वर्षांतली आहेत, बापा."

"ते 'बघू' म्हणाले."

"आणि तू बघत बसलास."

"बाबूंनी पहिल्याच वर्षी कानाला खडा लावलाय. पुतण्याला रेल्वेत चिकटवलं म्हणून पेपरात छी-थू झाली होती. तेव्हापासून घरच्या माणसाला हिरवी नाही. मला ते घरचा मानतात."

"घरचा!" झुनू हसली. "एकतीस वर्षांत त्यांच्या पंगतीला कधी बसलायस? ताट हातात घेऊन मागच्या पायरीवर जेवतोस ते घरचा म्हणून?"

बायको मध्ये पडली. "पुरे आता. जेवू दे त्याला."

"जेवलाय तो, बोऊ. एकतीस वर्षं पोटभर मान खाल्लाय." झुनूने पिशवी खांद्यावरून काढली. तिने आतून अर्ज काढून वाडग्याशेजारी ठेवला. पाचवा. "तीन वाजता निवडणूक जाहीर होणार म्हणतात. मग आचारसंहिता. त्यानंतर खासदाराचं पत्र कोणी हातात धरणार नाही. आणि पुढच्या वेळी बाबू खासदार नसणारच."

ते खरं होतं. या आठव्या निवडणुकीला पक्षाने बाबूंना तिकीट दिलं नव्हतं. फोन आला तेव्हा बाबू म्हणाले, "बरं झालं, दमलोच होतो," आणि चहा मागितला. तो चहा संध्याकाळपर्यंत तसाच होता, वर साय धरून.

निळांबरबाबू उठले. अर्ज घडी करून खिशात घातला.

खासदारांच्या घरी ओटा रिकामा होता. लोकांना वारा आधी कळतो. आतल्या खोलीत बाबू खिडकीकडे तोंड करून बसले होते, उजेड तोंडावर घेत. निळांबरबाबू नेहमीसारखे कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. एक पत्र टाइप केलं. मग दोन्ही पेनं समोर ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

त्यांना गेल्या वर्षीचं एक पत्र आठवत होतं. बाबूंच्या मेव्हण्याच्या पेट्रोलपंपाचं. वाचून दाखवल्यावर बाबू म्हणाले होते, "पक्कं." आणि निळांबरने जाड पेन दिलं होतं. कानाचा खडा कुठे पडला, ते डोळ्यांनी विचारायचं नसतं.

त्यांनी बारीक पेन उघडलं. निळी शाई बशीत सोडली, पेन पाण्याने तीनदा धुतलं, लवंगांच्या बाटलीत बुडवून भरलं. विणकराची बोटं, रंग कुठे धरेल ते त्यांना न बघता कळायचं, तरी आज अंगठ्याला हिरवा डाग पडला. धोतराला पुसला. गेला नाही.

"किती आहेत आज?" बाबूंनी विचारलं.

"एकच आहे, आज्ञा." साहेब म्हणावं तसं ते बाबूंना 'आज्ञा' म्हणत.

"एकच!" बाबू हसले. "पहिल्या दिवशी दोनशे होती रे. आठवतं? तुझा हात सुजला होता. वाच."

"झुनू मेहेर. परिचारिका. नऊ वर्षं एकाच जागी. लहान मूल. घराजवळ बदली मिळावी."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आपली झुनू," बाबू म्हणाले. "आता माझी सही असली काय, नसली काय. पण शेवटच्या दिवशी लोक म्हणायला नकोत, जाता जाता घरच्यांचं करून गेला. बघू, निळांबर."

"आज्ञा."

बारीक पेन हातात गेलं. बाबूंनी बोटाने पोलादी टोपण चाचपलं, मान हलवली. निळांबरबाबूंनी त्यांचं मनगट धरून कागदाच्या योग्य जागी आणलं, पाच वर्षं आणत आले तसं. सही उमटली. लांबलचक, एकतीस वर्षांत तशीच.

सही झाली की निळांबर म्हणत, "झाली, आज्ञा." आज ते वाकून शाईवर फुंकर घालत होते.

बाबूंनी मान वर केली. नाकपुड्या हलल्या.

"लवंगेचा वास येतोय."

निळांबरबाबूंनी कागदाची घडी घातली. पाकीट चिकटवलं. घड्याळात दोनला दहा कमी होते. कचेरी सायकलवर अर्ध्या तासाची.

"मी 'बघू' म्हणालो होतो," बाबू म्हणाले. रागावले नव्हते. चाचपडत त्यांचा हात टेबलावरून सरकला, दोन्ही पेनं शोधली, दोन्ही उचलून नाकाशी धरली. मग खूप दमल्यासारखं विचारलं, "मेव्हण्याचं आठवलं का तुला?"

निळांबरबाबू दारापाशी पोहोचले होते. चपलेत पाय घालत होते.

"निळांबर. आधीही कधी असं केलं होतंस? सांग. एवढंच सांगून जा."

पाकीट सदऱ्याच्या आत, छातीशी सरकवून निळांबर मेहेर ओटा उतरले, आणि त्यांनी सायकलचं स्टँड पायाने मागे ढकललं.