टॉर्नेडोची पायरी आणि आमच्या भाऊजींची फर्शी

“टॉर्नेडो लिही,” भाऊजी म्हणाले. “सरळ टॉर्नेडो. तीन नंबरचा.”

“तीनच का? पाच लिहिते की,” मी म्हणाले. “पाचात चांगलं बांधलेलं घरसुद्धा पायापासून साफ होतं. फक्त तुमच्या टेबलावरचा फुलदाणीतला गुलाब कसा वाचला, तेवढं सांगा. रिपोर्टात लिहायला लागेल.”

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. माझ्या सासऱ्यांनी काढलेल्या अंबरपेठेतल्या एका छोट्या शाळेचे अध्यक्ष. जन्मभर सरकारी वकिली केली, त्यामुळे साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायची सवय काही सुटत नाही. मी रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनियर. वादळ येऊन गेलं की गावोगाव हिंडायचं आणि काय पडलं, का पडलं ते बघायचं, यात माझी निम्मी नोकरी गेली.

रविवारी दुपारी जोराचा वारा सुटला आणि शाळेच्या पुढच्या अंगणातला पत्र्याचा मांडव उडाला. लोखंडी पाइपांचे खांब, वर पत्रे. सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. शाळा उघडायला सहा दिवस होते. त्याआधी इंजिनियरचा रिपोर्ट हवा, असं शिक्षण खात्याकडून पत्र आलं होतं. चिक्कडपल्लीला घरात फुकटची इंजिनियर बसलेली, मग दुसरीकडे कशाला जायचं?

“टॉर्नेडो मी डोळ्यांनी पाहिलाय,” भाऊजी म्हणाले.

“कुठे?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत काळा भोवरा गरागरा फिरत होता. शेजारून गाड्या जात होत्या, आणि त्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जात होत्या.

“भाऊजी, अंबरपेठेत रस्त्याची बाजू कधी बदलली?”

त्यांनी मोबाइल खिशात घातला.

आता हा टॉर्नेडो मोजतात कसा, ते सांगते. टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. त्याचा वेग मोजायचं यंत्र नेमकं त्याच्या वाटेत कोण ठेवणार? आणि ठेवलंच तर ते यंत्रही उडून जायचं. म्हणून तो गेल्यावर पडझड बघायची आणि उलटं चालत वाऱ्यापर्यंत जायचं. काय पडलं? किती पडलं? आणि मुळात ते धड बांधलं होतं का? त्यावरून शून्य ते पाच अशी पायरी ठरते. पक्की भिंत पडली तर वारा मोठा. कच्ची पडली तर वाऱ्याला उगीच मोठेपणा द्यायचा नाही. ही पद्धत अमेरिकेतली. त्यांच्या यादीत शाळा आहेत, मॉल आहेत, झाडंसुद्धा आहेत. आमचा पत्र्याचा मांडव काही तिथे नाही. तिथे आपलं डोकं चालवावं लागतं.

मी अंगणात गेले. पत्रे शेजारच्या मोकळ्या प्लॉटात पडले होते, सगळे पूर्वेकडे, शिस्तीत. भोवरा असता तर चार दिशांना फेकले असते. कंपाउंडला लागून पपईचं झाड होतं. पपईइतकं लेचंपेचं झाड नाही, जरा वारा आला की आडवं. ते दोन पानं मोडून उभं होतं. समोर इस्त्रीवाल्या यादय्याची टपरी. चार बांबू, वर निळी ताडपत्री, सुतळीने बांधलेली.

“यादय्या, रविवारी हे उडालं नाही?”

“पोलेदु, अम्मा,” तो म्हणाला. नाही गेलं. “सुतळी घट्ट बांधली ना.”

यादय्याची सुतळी टिकली आणि भाऊजींचं लोखंड उडालं! मला हसू आवरेना. भाऊजींना ते दिसलं.

“हसतेस काय? निसर्गाचा कोप आहे हा.”

“हौ, कोप खरा. पण फक्त तुमच्यावर.”

हसू फार टिकलं नाही. मागच्या अंगणात गेले तर तिथे दुसरा मांडव. तस्साच. तेच पाइप, तेच पत्रे, तोच कारागीर. खाली बालवाडीच्या चिमुकल्या सतरंज्यांची चळत रचून ठेवलेली. सोमवारपासून पोरं तिथेच डबा खायला बसणार होती. मी टॉर्नेडो लिहिला असता तर दोष वाऱ्याचा ठरला असता. मग हा दुसरा मांडव निर्दोष. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

मांडव बांधणाऱ्या सलीमभाई वेल्डरला मी फोन करून बोलावलं. बिचारा घाबरतच आला.

“सलीमभाई, खांबांना काँक्रीटचा पाया का नाही केला?”

“बाई, हम तो बोले थे, फर्शी तोडके गड्डा करना पडता. साब बोले नक्को, फर्शी को हात नक्को लगाओ.”

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी आभाळाकडे पाहायला लागले.

आता ही फर्शी म्हणजे आमच्याच घरची. माझ्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ भाऊजींनी दोन्ही अंगणांत घालून दिलेली, गुळगुळीत, चकचकीत. तिच्यावर कुणी चप्पल घालून चाललं तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. ती फोडायची नाही म्हणून खांबांच्या बुडाच्या लोखंडी तळपट्ट्या तिच्यावरच नुसत्या बारक्या बोल्टांनी बसवल्या होत्या. आणि खरं सांगते, मांडवाच्या उद्घाटनाला मीही गेले होते. पुढच्या रांगेत बसून लाडू खाल्ला. एवढी इंजिनियर, पण खाली वाकून पाहिलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

वकिलाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, “भाऊजी, उद्या दुपारी कमिटीला बोलवा. रिपोर्ट तिथेच लिहून देते. चहा मागच्या मांडवाखाली घेऊ.”

दुसऱ्या दिवशी भाऊजी, सेक्रेटरी आणि हेडबाई देशमुख अशी तीन माणसं खुर्च्यांवर बसली. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. मी भाऊजींच्या शेजारच्या खांबापाशी जमिनीवर बसकण मारली.

“अगं सुलभा, खुर्ची घे की!” भाऊजी म्हणाले.

“नको, इथे बरं आहे.”

मी तळपट्टीचा बोल्ट दोन बोटांत धरला आणि ओढला. पाना नाही, पक्कड नाही. माझं वय सदुसष्ट, उजव्या मनगटाला संधिवात. बोल्ट अलगद वर आला. माझ्या करंगळीएवढा होता. तो मी भाऊजींच्या बशीत, बिस्किटाच्या बाजूला ठेवला. मग दुसरा काढला. तोही ठेवला.

तेवढ्यात वाऱ्याची साधीशी झुळूक आली आणि डोक्यावरचा पत्रा खडखडला. कमिटी उठली! सेक्रेटरींची खुर्ची उलटली. हेडबाईंनी पदर खोचला आणि थेट व्हरांडा गाठला. सगळ्यांच्या आधी तिथे पोचले ते भाऊजी, हातात कपबशी तशीच. त्या वयात इतके चपळ असतील असं मला वाटलं नव्हतं.

“लिहू का टॉर्नेडो?” मी मांडवाबाहेर येत विचारलं.

त्यांनी बशीतला एक बोल्ट उचलून बोटांत फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, “बाबांच्या नावाची फर्शी आहे गं.”

“पोरंही त्यांच्याच शाळेची आहेत, भाऊजी.”

त्यांनी कपबशी खाली ठेवली. “सलीमला बोलाव. आजच उतरवू दे.”

रिपोर्टात मी लिहिलं: भोवऱ्याचा पुरावा नाही. सरळ, नेहमीचा वारा. मांडव पायाअभावी पडला. मागचा मांडवही त्याच कारणाने धोक्याचा, तो उतरवला आहे. पायरीच्या रकान्यात रेघ मारली, कारण जो टॉर्नेडोच नाही त्याला शून्यसुद्धा देता येत नाही. शाळा ठरल्या दिवशी उघडली. बालवाडी व्हरांड्यात दाटीवाटीने जेवली, वरणभात सांडला, पण डोक्यावर पक्का स्लॅब होता. पुढे फर्शी फोडून, खड्डे घेऊन, काँक्रीट ओतून खांब नव्याने उभे राहिले.

भाऊजी पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या कामात मी एवढं शिकले, की वाऱ्याला नोटीस बजावता येत नाही, म्हणून जो तो आपली चूक त्याच्या नावावर टाकतो. आणि घरच्या माणसाचा रिपोर्ट लिहायचा असेल तर पंधरा दिवसांच्या अबोल्याची तयारी ठेवावी.

सोळाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. ना बरी आहेस, ना काही.

“दिलसुखनगरला आमच्या मीनाच्या गच्चीवर पत्रे घातलेत. जरा बघून येशील?” मीना म्हणजे त्यांची मुलगी.

“येते की. पण भाऊजी, गच्चीवरच्या टाइल्स फोडायला लागल्या तर? मीनाने हौसेने घातल्यात.”

“फोड,” भाऊजी म्हणाले. “तिला मी सांगतो.”