वेदीवरचा कोरा हातोडा

मंडळी, चर्चमधून आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या चर्चचे आश्रयदाते संत योसेफ. स्वतः सुतार, म्हणून कामगारांचे संत. त्यांच्या सणाला कामगार आपापली हत्यारं वेदीवर ठेवतात आणि फादर त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात.

आमचे हे चाकणला कंत्राटी फिटर आहेत. याच महिन्यात कंत्राट संपतंय, पुढचं काही नक्की नाही. आज सणाला नाइट करून थेट मिस्साच्या प्रार्थनेला आले, खिशात रोजचा पाना घेऊन.

कमिटीतल्या एका काकांनी वेदीपाशीच अडवलं. "अरे भाऊ, कापडाला ग्रीस लागेल. फोटो काढायचेत. आम्ही ठेवलीत ना हत्यारं!"

ठेवली होती खरी. दुकानातून आणलेली, कोरी करकरीत. हातोड्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मग प्रवचन झालं, कामगाराच्या घामावर. हे मागच्या बाकावर पाना रुमालात गुंडाळून ऐकत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, "जाऊ दे गं, संतांना कळलं असेल."

संतांना कळलं असेल हो. पण आशीर्वाद मिळाला त्या हातोड्याला. उद्या तो घेऊन कामावर कोण जाणार आहे, सांगेल का कुणी?