उमाक्का, आसन आणि अकलूज

उमाक्काला जाऊन आज वर्ष झालं, आणि आज सकाळी मी तिच्या आठवणीला कात्री लावली.

चड्डीवरून श्रद्धांजली लिहावी का, याचा मी बराच विचार केला. पण तिच्याबद्दल चड्डी वगळून लिहिलं तर ते खोटं होईल.

उमाक्का जुळे सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत राहायची. साठीची, ठसठशीत. घरचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान. सकाळी सायकल, मग अंघोळ, मग गल्ला.

आणि मला एकच हौस होती. माहेरी, अकलूजला, सायकलवर जायचं.

शंभरावर किलोमीटर. पहिल्या खेपेला मी मोहोळलाच हरले. पायात दम होता, पण बसवत नव्हतं. नवरा गाडी घेऊन आला. मी मागच्या सीटवर पालथी पडून घरी आले.

संध्याकाळी उमाक्का बघायला आली.
"कसं वाटतंय" वगैरे काही नाही.
"चड्डी दाखव."

मी ऑनलाइन घेतलेली, सगळ्यात स्वस्त पॅडवाली शॉर्ट्स दाखवली. म्हटलं, "बघ की, पॅड केवढा जाड आहे."

तिनं अंगठा दाबला. अंगठा आत गेला आणि खड्डा तसाच राहिला.

"हा पॅड न्हाय, पुरणपोळी हाय. आत काय घातलं हुतंस?"
"आत म्हणजे... नेहमीचंच."
"अय्यो. आत काय घालायचं नसतंय गं. ती शिवणच तुला घासली."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विचारणार तरी कुणाला?

रविवारी ती मला सायकलच्या दुकानात घेऊन गेली. बिब घ्यायला. बिब म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी. वाकल्यावर पोटाला इलॅस्टिक काचत नाही आणि पॅड जागचा हलत नाही.

दुकानदारानं ऑफर सांगितली. एकाच्या भावात तीन.

उमाक्कानं तिन्ही आधी उलट्या केल्या. "शाळंतल्या पोराची चड्डी पहिल्यांदा कुटं फाटती? आसनात, बुडाखालच्या जोडावर. आपलं पण तेच."

एकीची शिवण उठून आलेली होती, ती बाजूला गेली. दुसरीचं कापड तिनं उजेडात ताणलं. "ही घालून पुढं गेलीस, तर मागच्याला रस्ता दिसायचा न्हाय, तूच दिसशील." तीही गेली. तिसरीचा पॅड पुरणपोळी.

शेवटी तिनं दुकानदाराला ऑफरबाहेरची एकच काढायला लावली. बायकांसाठी कापलेला पॅड, पातळ पण घट्ट, दाबला की लगेच वर येणारा. मांडीवर रुंद पट्टी. पट्ट्यांना पुढं क्लिप, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या बाथरूममध्ये सगळे कपडे उतरवायला नकोत. रंग गेल्या वर्षीचा, म्हणून किंमत उतरलेली.

घालून बाहेर आले. "खांद्यात ओढतंय गं."
"वाक."
वाकले. ओढणं थांबलं.
"उभं ऱ्हाऊन मिरवायचंय का बसून अकलूजला जायचंय? घे ही. तीन रडक्या घेण्यापेक्षा एक हसरी बरी."

महिनाभराने आम्ही दोघी निघालो. कडक भाकरी, शेंगा चटणी, पाणी. मोहोळ मागं पडलं. उमाक्का म्हणाली, "बोल की. दुखतंय का?"
"नाही."
"मग रडतीस कशाला?"

टेंभुर्णीला वळून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत आम्ही दुपारी दारात उभ्या. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सायकलवरूनही.

मग आईनं माझ्या पट्ट्यांकडं बघितलं.
"लहानपणी तुला असलीच शिवली हुती की मी. तवा पळून काढून टाकायचीस."

आम्ही जेवून आडव्या झालो. माझी बिब मी धुतली होती. उमाक्काची आईनं, पाहुणीची म्हणून. सोड्यात भिजवून, ब्रशनं घासून, दगडावर आपटून.

उठून बघतो तर पॅडचा सगळा गोळा एका बाजूला.

उमाक्कानं तो पिळून बघितला. आईकडं बघितलं.
"ताई, लई स्वच्छ झाली हो. मला अशी कधी निघत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती सोलापूरपर्यंत बरीचशी पेडलवर उभी राहून आली. मधेच ओरडली, "आईला सांगितलंस तर बघ."

आई फेसबुकवर नाही. भाऊ आहे. दादा, तिला वाचून दाखवू नकोस.

"दर वर्षी जायचं," असं ठरलं होतं. पुढच्या वर्षीच्या आधीच उमाक्का झोपेत गेली.

त्यानंतर मी बिब घातली, धुतली, सावलीत वाळवली. पॅड केव्हाच बसला होता. मला कळत होतं. पण ती तिनं निवडलेली होती ना.

आणि तिचंच वाक्य होतं: "आसन गेलं की चड्डी गेली. मग माया लावायची न्हाय. साखळी पुसायला घ्यायची."

परवा आईचा फोन आला. "औंदा येणार का? उमाबाई न्हाय, तर एकटी ये. मी कायबी धूत न्हाय."

(म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं.)

काल दुकानात गेले. सगळ्या बिब उलट्या केल्या. अंगठा दाबला. उजेडात ताणल्या. ट्रायल रूमबाहेर सगळ्यांसमोर वाकून बघितलं. एक घेतली.

आज सकाळी जुनी कापली. मांडीच्या कापडानं साखळी पुसली. पट्टे मात्र ठेवले, त्यांनी कडक भाकरीचा डबा कॅरियरला बांधलाय. एवढी माया चालेल असं वाटतं. नसेल चालत तर ऐकून घेईन.

उमाक्का, साखळी पुसली. हवा बघितली. आत काही घातलेलं नाही.

निघते गं.