लांब भिंतीवरची होडी

निवृत्तीनंतर कोकिळाताईंनी होडी घेतली, तेव्हा पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीत कोणाला खरं वाटलं नाही. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेली बाई सोनं घेईल, चारधामला जाईल. ही मेहरूण तलावावर सकाळी फिरायला गेली आणि तिथल्या शिबिरात कायाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायला शिकली. तापीकाठचं माहेर, त्यामुळे पाण्याची भीती नव्हतीच. लग्नानंतर पाण्यात उतरायचा प्रसंगच आला नव्हता, एवढंच.

पिवळी, प्लास्टिकची, एकट्यापुरती होडी. पहिल्या उन्हाळ्यात ती पार्किंगच्या पत्र्याखाली ठेवली. एप्रिलच्या उन्हाने तिच्या बुडाला पोचा पडला. मग मुलाने, हितेंद्रने, फॅब्रिकेशनवाल्या हिलालला बोलावलं.

हिलालने आधी छताकडे पाहिलं. "इथं टांगली तर पंखा बंद ठेवावा लागंल," तो म्हणाला, "अन् स्लॅबचे पोपडे बघा. भरवसा नाही." आतल्या भिंती चार इंची, त्यांवर जाड खिळाही धरत नव्हता. उरली हॉलमधली बाहेरच्या बाजूची नऊ इंची लांब भिंत. तिच्या बरोबर मध्यावर रुपचंदरावांचा, कोकिळाताईंच्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो होता.

कोकिळाताईंनी स्टूल ओढलं, फोटो उतरवला, काच पदराने पुसली आणि आपल्या खोलीत, पलंगासमोर लावला. हिलालने अँगलचे दोन ब्रॅकेट ठोकले, त्यांवर रबरी नळी चढवली आणि होडी कुशीवर निजवून पट्ट्याने बांधली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याकडून प्रेमराज आले. रुपचंदरावांचे धाकटे भाऊ. दरवर्षी त्या दिवशी गेलेल्या भावाच्या नावाने पाण्याची घागर भरली की ते फोटोला नमस्कार करून जेवायला बसायचे. चपला काढून आत आले आणि भिंतीकडे बघत तसेच उभे राहिले.

"वहिनी, हाई काय टांगेल शे?"

"होडी आहे, भाऊ. माझी."

"आन मना भाऊ कोठे शे?"

"आत. माझ्या खोलीत."

"भाऊले उतारीसन होडी टांगी? लोके काय म्हनतीन?"

कोकिळाताईंना राग आला, पण सणाच्या दिवशी तो त्यांनी गिळला. "इथं होते तेव्हा आल्यागेल्याला दिसायचे," त्या म्हणाल्या. "आता सकाळी डोळा उघडला की मला दिसतात. होडीला दुसरी भिंत नाही, त्यांना आहे."

प्रेमराज बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आमरस वाटीत वाढून झाला, मांडे गार झाले. हितेंद्र दोनदा बोलवून आला. शेवटी ते उठले, हॉलमधून खाली मान घालून थेट खोलीत गेले आणि म्हणाले, "मनं ताट आठेच आन." भावाच्या फोटोसमोर, जमिनीवर बसून ते पोटभर जेवले. निघताना वहिनीला नमस्कार केला आणि पुन्हा खाली मान घालून हॉलमधून बाहेर पडले.

गोष्ट नात्यात फिरली. एका चुलतजावेने येणं सोडलं. दुसरीने फोन करून विचारलं, त्यात दोघी बसतात का. दिवाळीला प्रेमराज आले नाहीत. हितेंद्रच फराळ घेऊन धुळ्याला जाऊन आला. त्यालाही ती होडी कधी आवडली नाही. रविवारी ती उतरवून अ‍ॅपे रिक्षावर बांधून देतो, तलावावर मात्र जात नाही. सून शीतल दोनदा जाऊन आली. काठावर बसून फोटो काढले.

पुढच्या आखाजीला प्रेमराज आले. खोलीत जाऊन नमस्कार केला आणि या वेळी हॉलमध्ये, होडीकडे पाठ करून, सगळ्यांबरोबर जेवले. पान खाताना त्यांनी एकदम विचारलं,

"तठे पानी कितलं खोल शे, वहिनी?"

"मध्यावर दोन पुरुष असेल."

"हं," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून धुळ्याची बस धरायला निघाले.