शेवटच्या भागातला खुनी

समोरच्याला दचकवल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही, असे गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच आहेत आणि ते माझे साडू आहेत. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरायला जातात. साडूंनी रहस्यपट काढले. घरातल्या एकाही दाराला ते तेल घालू देत नाहीत, कारण करकर कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. आमच्याकडे तर्री-पोहे खाताना एकदा त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "याच्यात तिखट कोणं टाकलं?" माझी बायको म्हणाली, "मीच." साडू हिरमुसले. "इतक्या लवकर कबूल नाही करा लागत वं!"

त्यांच्या पटांत इन्स्पेक्टर ते स्वतः, आणि खुनी म्हणजे त्यांचे कामठीचे बालमित्र. चेहरा इतका गरीब, की हातात सुरा दिला तरी हा आता कांदे चिरणार असं वाटावं. पहिल्या दोन्ही भागांत खुनी निसटला. ओळखीच्या टॉकीजवाल्याने भिडेखातर दोन्हींचा एकेक खेळ लावला. तिसऱ्याच्या वेळी मात्र हात जोडले. "मंग थेट व्हिडिओच काढू," साडू म्हणाले. घाईही होती. मित्र मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले होते, म्हणजे मालिका संपवायची तर खुन्याला आताच मारणं भाग होतं.

कन्हान नदीच्या काठी मी मोबाइल धरून उभा राहिलो. साडूंनी पिस्तूल रोखलं, तोंडाने 'ठो' केलं, मित्र वाळूत कोसळले. "नाही जमलं. अजून एकदा." कधी सावली आडवी आली म्हणून, कधी म्हैस. मित्र पडत, उठत, पुन्हा पडत. ऊन कलायला आलं तेव्हा ते पडल्यापडल्याच ओरडले, "अबे, मरू दे न गा मले! सामान बांधाचं राहिलं!"

साडूंनी पिस्तूल खाली केलं. मित्रांना हात देऊन उठवलं आणि त्यांच्या पाठीवरची वाळू झटकत राहिले, वाळू संपल्यावरही.

मित्र पुण्याला गेले. पुढे व्हिडिओ तयार झाला आणि आम्ही सगळे साडूंकडे टीव्हीसमोर बसलो. शेवटी इन्स्पेक्टर पिस्तूल रोखतो आणि पुढच्या दृश्यात नुसती नदी. बाकी काही नाही. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मित्रांनीही तिकडे पाहिला होता.

"अबे, मी मेलो का नाही? पोरगी विचारून राहिली."

"काहून मारू तुले?" साडू खेकसले. "फरार आहेस तू."

पलीकडचं हसू आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. साडू फोन कानाला लावून अंगणात गेले आणि बराच वेळ नुसतं 'हो, हो' म्हणत उभे राहिले.