साबण कोणत्या भाषेतला?

अभिजितने लिस्ट माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, जीकेची एकतीस ऑब्जेक्शन्स आलीत. दोनपर्यंत खुलासे द्या. चारला क्लायंटला पाठवायचेत."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

आमची कंपनी सरकारी खात्यांसाठी नोकरभरतीच्या परीक्षा घेते आणि मी तिथे सामान्यज्ञानाचे प्रश्न काढते. भूगोल, इतिहास, कला, सिनेमा, भाषा, जे लागेल ते. त्याआधी चौदा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. अभिजित माझा मॅनेजर. वयाने माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थ्यांएवढा, स्वभावाने बरा.

परीक्षा झाली की आम्ही आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, वेबसाइटवर टाकतो. एखादं उत्तर चुकलंय असं ज्याला वाटेल त्याने पुरावा जोडून हरकत घ्यायची. तेच ऑब्जेक्शन. त्यावर 'तज्ज्ञ समिती' निर्णय देते, असं नियमात लिहिलेलं असतं. सामान्यज्ञानाची तज्ज्ञ समिती म्हणजे मी.

बहुतेक हरकतींना दोन ओळी पुरतात. एकाने कळसूबाई हे शिखर नसून देवी आहे असं कळवलं होतं. दुसऱ्याने 'चारही पर्याय चूक' एवढंच लिहिलं होतं, कुठल्या प्रश्नाचे ते नव्हतं. सव्वा वाजेपर्यंत मी सव्विसाव्या हरकतीपर्यंत आले.

सत्ताविसावी हाताने लिहून स्कॅन केलेली होती. अक्षर शाळेतल्या निबंधासारखं. प्रश्न असा होता: 'साबण' हा शब्द मराठीत कोणत्या भाषेतून आला? पर्याय: पोर्तुगीज, अरबी, कन्नड, तेलुगू. आमच्या कीमध्ये पोर्तुगीज. या मुलीने अरबी लिहिलं होतं. सोबत दोन जुन्या शब्दकोशांच्या पानांच्या फोटोप्रती, 'साबण'खाली पेन्सिलची रेघ, आणि खाली तिचं एक वाक्य: 'पोर्तुगीज असेही काही पुस्तकांत आहे, ते मी नाकारत नाही, परंतु अरबीही बरोबर धरावे ही विनंती.' नाव सुवर्णा. पत्ता खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावाचा. ते गाव आता महापालिकेत आलंय.

मी कपाटातून कोश काढला. तिचं बरोबर होतं. क्रमिक व्याकरणाची पुस्तकं बटाटा, पगार यांच्या रांगेत साबणही पोर्तुगीज म्हणून देतात. जुने कोशकार तो अरबी 'साबून'वरून आला म्हणतात. दोन्ही बाजूंना आधार आहे. असा शब्द परीक्षेत विचारायचाच नसतो, आणि विचारलाच तर दुसरं खरं उत्तर पर्यायांत ठेवायचं नसतं. मी ठेवलं होतं. आमच्यात चुकीच्या पर्यायाला डिस्ट्रॅक्टर म्हणतात. तो दिसायला बरोबर हवा. अरबी फारच चांगला दिसला म्हणून मी तो घातला.

मी अभिजितकडे गेले. "सत्तावीस मान्य करावी लागेल. दोन्ही उत्तरं धरायची."

"या पेपरमध्ये गणिताच्या दोन चुका आधीच मान्य केल्यात," तो म्हणाला. "तिसरी गेली की क्लायंट ऑडिट लावणार. आपल्या कीला सपोर्ट करणारा रेफरन्स आहे ना?"

"आहे. तिच्याही बाजूला आहे."

"मी आपल्याबद्दल विचारलं, मॅडम."

"आहे."

"मग तो जोडा. खोटं काहीच लिहायचं नाहीये."

खरंच खोटं काही लिहायचं नव्हतं. मी जागेवर आले, व्याकरणाच्या पुस्तकाचं पान जोडलं आणि शेरा लिहिला: 'प्रमाणित संदर्भानुसार उत्तर योग्य. आक्षेप अमान्य.' उरलेल्या चार हरकती संपवल्या आणि डबा खाल्ला.

निकाल लागल्यावर आठवड्याभरात रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, एक कँडिडेट आलीये. ऐकत नाहीये. मराठीचं कोणी असेल तर बोलवा म्हणते."

खाली सोफ्यावर एक तिशी उलटलेली बाई फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उभी राहिली.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "मी सुवर्णा. साबणाची हरकत माझी होती. मला एका मार्कानं लिस्टबाहेर टाकलंय. पुढच्या भरतीला वय बसत न्हाई. हीच शेवटची होती."

"बसा तुम्ही."

"सात वर्षं पेठेतल्या अभ्यासिकेत काढली. रोज पहिल्या बसनं स्वारगेटला उतरायचं आन् शेवटच्या बसनं घरी. सासरची माणसं म्हणायची, आता बास कर. मी म्हणायचे, हे एक वर्ष." तिने फाइल उघडली. आत त्याच फोटोप्रती होत्या. "मला एवढंच विचारायचं हाय, त्या कमिटीत कोण असतं? त्यांना हे पान नीट दिसलं नसंल. स्कॅन पुसट आलं होतं."

कमिटीची नावं गोपनीय असतात, असं सांगायचं आम्हाला शिकवलंय. ते वाक्य तोंडाशी आलं होतं.

"स्कॅन स्वच्छ होतं," मी म्हणाले. "कमिटीत मीच होते."

तिने कोशाचं पान माझ्यापुढे धरलं. "मंग तुम्ही कोश बघितला नव्हता का?"

"बघितला होता."

तिने फाइलची नाडी हळूहळू बांधली. "मला वाटलं बघायचा राहिला असंल," ती म्हणाली. "तेच बरं झालं असतं."

आवाज चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिने चढवला नाही. मी लेखी देते, अपील करा, असं सांगितलं. तिने मान हलवली आणि गेली.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. प्रश्न सदोष आहे, चूक माझी आहे, दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत. खाली सही केली. अभिजितने ते दोनदा वाचलं.

"फायनल की निघाली, मॅडम. आता कोणी उघडणार नाही."

"पाठव तरी."

त्याने पाठवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मी एक प्रत सुवर्णाला दिली, तिने ती अपिलाला जोडली. खात्याकडून तिला एका ओळीचं उत्तर आलं: अंतिम उत्तरतालिकेबाबत कोणताही पत्रव्यवहार विचारात घेतला जाणार नाही. कोर्टात जा असं मी सुचवलं. "मॅडम, घरात आता हा विषयच काढायचा न्हाई असं ठरलंय," ती फोनवर म्हणाली. त्यानंतर मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. नेमणुका होऊन गेल्या.

हा प्रश्न बँकेतून काढा, अशी विनंती मी मेलवर केली होती. आमच्याकडे बँक म्हणजे प्रश्नांचा साठा. वर्षभराने दुसऱ्या एका भरतीचा पेपर तपासायला माझ्याकडे आला. एकोणसत्तरावा प्रश्न साबणाचा. तेच पर्याय, तीच की. शेजारी हिरवा शेरा: 'व्हॅलिडेटेड'. ज्याच्यावर हरकत येऊन फेटाळली गेली, तो प्रश्न सिस्टिम सर्वांत भरवशाचा मानते. त्या हिरव्या शेऱ्याला आधार माझ्याच दोन वाक्यांचा होता.

मी तो प्रश्न त्या पेपरमधून काढला आणि जागी नद्यांचा एक घातला. बँकेत तो अजून आहे. डिलीट करायचा अधिकार माझ्या लॉगिनला नाही.

आता मी प्रत्येक शब्दाला तीन कोश बघते. दिवसाला पंचवीस प्रश्नांचं टार्गेट असतं, माझे अकरा होतात. गेल्या अप्रेझलमध्ये 'गती कमी' असा शेरा मिळाला. त्यावर मी हरकत घेतलेली नाही. हरकतींचं काय होतं ते मला माहीत आहे.